‘मराठीत पुस्तकच नाही’ म्हणण्याआधी : पुढचं पुस्तक शोधण्याचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे एकाच जातीचे होते. ‘हे वाचून झालं, आता पुढे काय वाचू?’ आणि त्याला जोडूनच, ‘ते मिळेल कुठं?’ दहा पुस्तकांची नावं सांगून आम्हाला मोकळं होता आलं असतं. पण ती दहा वाचून झाली की तुम्ही पुन्हा याच प्रश्नापाशी येणार. म्हणून आज यादी देण्याऐवजी याद्यांचाच इतिहास सांगू. मराठी वाचकाला पुढचं पुस्तक आजवर कसं सापडत आलं, कुणी सापडवून दिलं, आणि आज ते सापडणं पुन्हा अवघड का होत चाललं आहे, एवढाच विषय.

आधी एक तात्त्विक मुद्दा घेऊ, कारण पुढे सगळीकडे तो लागणार आहे. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा एक वाक्य दरवर्षी ऐकायला मिळायचं : ‘सर, या विषयावर मराठीत पुस्तकच नाही.’ आता, १९७४ साली दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत निघाला. तत्त्वज्ञानातल्या जवळजवळ कोणत्याही विषयाचं टाचण त्यात मिळतं. तरी वाक्य तेच. विद्यार्थी खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिलं होतं, त्यांना दिसलं नव्हतं, आणि ‘दिसलं नाही’ वरून त्यांनी ‘नाही’ असा निष्कर्ष काढला होता.

आपल्याकडे भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी या निष्कर्षाचा बारकाईनं विचार केलेला आहे. वस्तू दिसत नाही, यावरून ती तिथं नाही असं आपल्याला कळतं. या ज्ञानाच्या साधनाला त्यांनी ‘अनुपलब्धी’ म्हटलं आणि स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणजे तिथं घट नाही. पण त्याला एक अट आहे. घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. म्हणजे उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये भिंत नको. याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर ‘घट नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

‘मराठीत पुस्तकच नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा अंधाऱ्या खोलीत उभं राहून म्हटलेलं असतं. मग इथला दिवा कोणता? आमचं उत्तर असं, की सूची, ग्रंथालय आणि जाणता माणूस हा आपला दिवा. तो कुणी लावला आणि कसा, ते आता पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. छापील मराठी पुस्तकंच थोडी होती. शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं, मिशनऱ्यांची पुस्तकं, पंचांगं, पोथ्या, काही भाषांतरं. जो वाचणारा होता त्याला काय छापलं गेलं याची साधारण कल्पना असे. अडचण पुस्तक हाती येण्याची होती, कारण ते महाग होतं. त्यावर उपाय म्हणून ग्रंथालयं निघाली. रत्नागिरीला १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्याला १८४८, कोल्हापूरला १८५० ही त्यांची सालं. यांतल्या अनेकांचं मूळ नाव ‘नेटिव्ह लायब्ररी’ असं होतं. पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. मात्र ही दारं सगळ्यांना उघडी होती असं समजू नका. वर्गणी भरणारा, शिकलेला आणि पुरुष, एवढ्या चाळण्यांतून जो उतरायचा तो आत जायचा.

पुढे छापखाने वाढले आणि काय काय छापलं जातंय हे वाचकालाच नव्हे, सरकारलाही कळेनासं झालं. तेव्हा मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी इलाख्यातल्या देशी प्रकाशनांची एक सूची केली. १८६४ अखेरपर्यंतची पुस्तकं तिच्यात येतात. मराठी पुस्तकांची मोठी, पद्धतशीर नोंद म्हणून आजही अभ्यासक तिच्याकडे जातात.

मग आला १८६७ चा कायदा, छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांविषयीचा. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्यायच्या आणि सरकारनं दर तीन महिन्यांनी त्यांची यादी गॅझेटात छापायची. त्या यादीत कोणत्या गोष्टी नोंदवायच्या तेही कायद्यानं ठरवून दिलं होतं : पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, कुठं छापलं, कुणी छापलं, पानं किती, आकार केवढा, आवृत्ती कितवी, प्रती किती, किंमत काय, हक्क कुणाकडे. १८५७ ला दहाच वर्षं झाली होती. सरकारला लोकांच्या वाचनाची सोय बघायची होती असं कुणी म्हणणार नाही. लोक काय लिहितात यावर नजर ठेवायची होती. पण झालं असं, की त्या नजरेखातर तयार झालेला कागद आज आपल्या उपयोगी पडतो. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या आणि ते काय किमतीला विकलं गेलं, हे आपल्याला कळतं ते त्या सरकारी रकान्यांमुळे.

हा दिवा राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी लावलेला होता. वाचकांसाठीचा दिवा लावायला आणखी पंचवीसेक वर्षं जावी लागली. १८९३ मध्ये ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. या नावांमधला ‘संग्रहालय’ हा शब्द नीट बघा. वाचायला पुस्तक देणं हा एक हेतू होताच, पण दुसरा हेतू होता मराठीत छापलेलं पुस्तक सांभाळून ठेवणं. जे कुणी मागत नाही तेही ठेवायचं, कारण उद्या कुणीतरी मागेल.

आता माणसांकडे येऊ. यादीत पुस्तक दिसतं. पण ‘हे तुझ्यासाठी आहे’ असं यादी सांगत नाही. ते माणूस सांगतो.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेत आधीच भरला होता. त्याच्या अभिनंदनाच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. १९५६ साली नागपूरला जे घडलं, त्याची एक वाट या भेटीपासून निघते, आणि हे बाबासाहेबांनी स्वतःच नमूद केलेलं आहे. इथं वाचकाला नेमकं ओळखणारा आणि पुस्तकही ठाऊक असणारा असा एकच माणूस होता. असा माणूस भेटणं हे मोठं भाग्य; आणि ज्याला तो भेटत नाही त्याच्यासाठी व्यवस्था हवी.

दुसरं उदाहरण गोव्याचं. धर्मानंद कोसंबी साखवाळचे. घरची शेती-बागायत, शिक्षण जेमतेम, जवळपास मोठं ग्रंथालय नाही. त्यांना बुद्धाची ओळख झाली ती ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातल्या चरित्रातून. पुढचं पुस्तक गावात मिळण्यासारखं नव्हतं. १८९९ च्या अखेरीला त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ अशी वाट तुडवत ते श्रीलंकेला पोचले आणि तिथं पाली शिकले. एका लेखातून निघालेला वाचक मूळ ग्रंथांपर्यंत पोचायला समुद्र ओलांडून गेला. आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण जिद्द कमी पडली म्हणून किती जण त्या मासिकाच्या अंकापाशीच थांबले असतील, हाही प्रश्न विचारायला हवा.

या प्रश्नाचं उत्तर कृतीनं देणारा राज्यकर्ता म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांची रचना सुरू केली. तिच्यात फिरत्या ग्रंथालयाचं एक खातं होतं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या खेड्यांत पाठवायच्या, आणि वाहतुकीचा खर्च संस्थानानं सोसायचा. वाचकानं पुस्तकाकडे जायचं हा रिवाज त्यांनी उलटा केला. पुढे १९३१ साली मद्रासमध्ये शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. जसा वाचकाला त्याचा ग्रंथ भेटला पाहिजे, तसाच ग्रंथालाही त्याचा वाचक भेटला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बडोद्याच्या पेट्या हे काम वीस वर्षं आधीच करत होत्या.

आणि आता शंकर गणेश दाते. हे नाव घेतलं की पुष्कळांना महाराष्ट्र शब्दकोशाचे दाते-कर्वे आठवतात. ते यशवंत रामकृष्ण दाते, वेगळे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली आणि १९४३ साली ती प्रसिद्ध झाली. साल लक्षात घ्या. महायुद्ध चालू होतं, कागदाची टंचाई होती. एका भाषेतल्या जवळजवळ दीड शतकाच्या छपाईची मोजदाद हे एखाद्या विद्यापीठाचं किंवा सरकारी खात्याचं काम, ते इथं एका माणसानं उरावर घेतलं. दुसरा भाग १९३८ ते १९५० या वर्षांचा. तो यायला १९६१ उजाडलं, आणि १९६४ मध्ये दाते गेले.

सूची काही कुणी रात्री उशाशी घेऊन वाचत नाही. पण दात्यांची सूची चाळून पाहा. ती विषयवार लावलेली आहे. शेती, वैद्यक, पाकशास्त्र, व्याकरण, धर्म, प्रवास, नाटक. तुमच्या विषयाचं पान उघडलं, की त्या विषयावर शंभर वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं ते ओळीनं समोर येतं. ‘मराठीत पुस्तकच नाही’ असं म्हणण्याचा अधिकार त्यानंतर मिळतो. दात्यांनी उजेड दिला, म्हणून न दिसण्याला काही अर्थ आला.

आता या उजेडाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. बुलढाण्याच्या एका बाईनं पुरुषांच्या दुटप्पीपणाचा इतक्या सडेतोड भाषेत हिशेब मागावा, हे तेव्हा पचलं नाही. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, बाकी सगळीकडे सामसूम. ते पुस्तक पुन्हा लोकांसमोर आलं १९७५ साली, स. गं. मालशे यांनी ते संपादित करून प्रसिद्ध केलं तेव्हा. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि आज स्त्रीवादाच्या अभ्यासात ते जगभर वाचलं जातं. मधली ९३ वर्षं पुस्तक होतं, पण वाचकापुरतं नव्हतं. त्या काळात शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांतल्या मुलींनी ‘आपल्या भाषेत असं कुणी लिहिलंच नाही’ असं मानलं असेल, तर दोष त्यांचा नाही. आणि मालशांनी ते छापलं, ते कुठंतरी प्रत शिल्लक होती म्हणूनच. खपत नाही म्हणून शेवटची प्रतही रद्दीत गेली असती, तर मालशे काय करणार होते?

साठ-सत्तरच्या दशकात चित्र बरंच सुधारलं. १९६४ मध्ये केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक सुरू केलं. नवीन काय निघालं, कुणाचं निघालं, हे गावात बसलेल्या वाचकाला त्यातून महिन्याच्या महिन्याला कळू लागलं. बाकीच्या मासिकांतही शेवटी ‘साभार पोच’ असे. निव्वळ नावं, लेखक, प्रकाशक आणि किंमत. आमच्या पिढीतल्या अनेकांनी आपलं पुढचं पुस्तक त्या बारीक टायपातून शोधलेलं आहे. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं. १९७४ मध्ये ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ उभी राहिली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली त्यांनीच काढलं. म्हणजे वाचकांनी एकत्र येऊन काय छापावं यातही हात घातला.

आता आजच्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, आता तर सगळं मोबाइलवर आहे, अंधार कसला? दोन गोष्टी सांगतो, तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट. गेल्या पंचवीस वर्षांत हजारो जुनी मराठी पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेटवर आली. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा त्यात मोठा वाटा. पण त्यांची नावं रोमन लिपीत नोंदवली गेली, आणि ती कशीही. ‘ळ’ चा ‘ल’ झाला, ‘ण’ चा ‘न’ झाला, जोडाक्षरं मोडली, कुठं लेखकाच्या जागी छापखान्याचं नाव पडलं. तुम्ही शुद्ध मराठीत शोधता आणि उत्तर येतं, काही सापडलं नाही. पुस्तक तिथंच आहे. घट खोलीत आहे आणि दिवा विझलेला आहे.

दुसरी गोष्ट. दुकानाचं संकेतस्थळ तुम्हाला ‘हे वाचलंत तर तेही आवडेल’ असं सुचवतं. त्याला माहीत असतं लोकांनी काय विकत घेतलं. जे कुणी घेतलंच नाही, किंवा जे दुकानात नाहीच, ते ते सुचवू शकत नाही. केळुसकरांनी ते बुद्धचरित्र दिलं, तेव्हा त्या मुलासारखे इतर ग्राहक काय घेतात याचा त्यांनी विचार केला नव्हता.

यात भर कायद्याची. ज्या १८६७ च्या कायद्यानं पुस्तकांची नोंद होत होती, त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्यानं घेतली, आणि त्यातून पुस्तकं वगळली गेली. नजर गेली हे चांगलंच झालं, पण तिच्याबरोबर नोंदीचा तो रस्ताही बंद झाला. उरला १९५४ चा कायदा. प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना पाठवायची, असं तो सांगतो. सगळेच पाठवतात असं नाही. लेखकानं पदरमोड करून तालुक्याच्या गावी छापलेलं पुस्तक तिथवर पोचलं नाही, तर उद्याच्या एखाद्या दात्यांना ते कुठून सापडणार?

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं, हातात धरता येईल असं उत्तर.

जे पुस्तक आवडलं, त्याची प्रस्तावना आणि शेवटची संदर्भसूची वाचा. लेखकानं ज्यांच्याशी वाद घातलाय ती नावं टिपा. पुढचं पुस्तक बहुतेक वेळा तिथंच असतं, आणि विरोधकाचं असलं तर अधिक चांगलं.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या ग्रंथालयात जा आणि दात्यांची सूची मागा. कपाटात धूळ खात असेल, पण मागा. मागणी आली की ती कपाटाबाहेर राहते. तिथल्या जुन्या सेवकांशी बोला; संगणकात नसलेलं पुष्कळ त्यांच्या डोक्यात असतं.

इंटरनेटवर एकच नाव चार तऱ्हेच्या स्पेलिंगनं शोधा. नुसत्या आडनावानं शोधा, विषयानं शोधा. जुन्या मुखपृष्ठावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळेल. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की आपल्याकडे हक्क संपतात. असं पुस्तक उतरवून घ्यायला संकोच नको. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली पुष्कळ पुस्तकं स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. विकत घ्यायचं तर अप्पा बळवंत चौकात एक दिवस काढा. दुकानात नाही म्हणाले तर रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे नाव सांगून ठेवा. पाचगणीकडे गेलात तर भिलारला थांबा. २०१७ पासून त्या गावातल्या घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, बसून वाचायला.

शेवटी एक काम. घरात आजोबा-आजींची पुस्तकं असतील तर ती रद्दीत घालण्याआधी त्यांची यादी करा. नाव, लेखक, साल, छापखाना, पानं, किंमत. १८६७ च्या कायद्यातलेच रकाने वापरा, चांगले आहेत. ती यादी जवळच्या ग्रंथालयाला दाखवा आणि त्यांच्याकडे नसलेली पुस्तकं त्यांना द्या. पन्नास पुस्तकांच्या यादीला दोन संध्याकाळ लागतात.

पुढच्या वेळी येताना आपापली यादी घेऊन या. ज्यांना आत्ता काही विचारायचं आहे त्यांनी विचारावं, वेळ आहे.